चाती, तिची उखळी आणि तिचे तेल

सूतगिरणी केवढी मोठी आहे हे सांगताना आपण तिच्या इमारतीची लांबीरुंदी सांगत नाही की कामगारांचा आकडा सांगत नाही. 'पंचवीस हजार चात्यांची गिरणी' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. चाती हे गिरणीचे माप होय. पण ही चाती उभी कशावर असते, तिला धरते कोण, आणि मिनिटाला हजारो फेरे घेताना ती तापून झिजून कशी जात नाही, हा प्रश्न आम्ही कोणाच्या तोंडून फारसा ऐकलेला नाही. कापडाच्या इतिहासात हारग्रीव्ह्ज, आर्कराइट, क्रॉम्प्टन यांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चातीच्या बुडाशी असलेल्या बोटभर उखळीचा आणि तीतल्या चमचाभर तेलाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. आज तोच सांगण्याचा विचार आहे.

ज्यांच्या घरी चरखा होता त्यांना या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागणार नाही. चरख्याची चाती म्हणजे एक लोखंडी सळई. ती दोन चमरखांत आडवी बसवलेली असते आणि चाकावरून आलेली माळ तिला फिरवते. चमरख कोरडे पडले की चाती कुरकुरते, चाक जड होते. आणि तेल जास्त झाले की ते सुतावर चढते. चाती केसभर वाकली तरी तिचे टोक थरथरते आणि धागा तुटतो. आधार, सरळपणा आणि तेल या तीन गोष्टींचे हे जे भांडण घरातल्या चरख्यावर चाले, तेच पुढे गिरणीत लाखो चात्यांवर चालले. फरक एवढाच की गिरणीत त्याला पैशाची मोजदाद लागली.

ती मोजदाद समजण्यासाठी थोडे गणित करू. सुताला बळ येते ते पिळामुळे. वीस नंबरच्या सुताला इंचामागे साधारण वीस पीळ लागतात असे धरा. चातीचा एक फेरा म्हणजे एक पीळ. तेव्हा चाती मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर तीनशे इंच, म्हणजे पंचवीस फूट सूत निघेल; त्याहून एक इंचही जास्त नाही. तीच चाती दहा हजार फेरे घेऊ लागली तर एकेचाळीस-बेचाळीस फूट निघेल. कापूस तोच, जागा तीच, साचा तोच. सुताचे उत्पन्न चातीच्या वेगाला असे बांधलेले आहे, आणि वेग बांधलेला आहे तो चातीच्या आधाराला. कताईच्या यंत्रांचा निम्मा इतिहास या एका बंधनाचा आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात प्रॉव्हिडन्स गावच्या जॉन थॉर्पने १८२८ साली कडीच्या कताईचे पेटंट घेतले. आपण ज्याला रिंगचा साचा म्हणतो त्याचा हा मूळ पुरुष. चाती मध्ये, तिच्याभोवती पोलादी कडी, आणि कडीवर सरकणारा एक नखाएवढा आकडा, म्हणजे ट्रॅव्हलर. धागा त्यातून जातो, चाती त्याला ओढत नेते, तो किंचित मागे राहतो आणि तेवढे सूत बॉबिनवर गुंडाळले जाते. पीळ देणे आणि गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. क्रॉम्प्टनच्या म्यूलमध्ये गाडा मागे येताना पीळ आणि पुढे जाताना गुंडाळणी असा खंडित प्रकार असे. कल्पना म्हणून थॉर्पची रीत सरस होती यात शंका नाही. तरीही ती पुढे चाळीसएक वर्षे आपली खरी ताकद दाखवू शकली नाही. का? तर चाती साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे गेली की नाचू लागे.

जुन्या चातीची रचना डोळ्यांसमोर आणा. खालच्या पट्टीत एक उखळी, तीत चातीचे टोक टेकलेले. थोड्या वर दुसऱ्या पट्टीत एक कडे, तिला इंग्रजीत बोल्स्टर म्हणतात, आम्ही गळपट्टी म्हणू. बॉबिन आणि तिच्यावरचे सगळे सूत या गळपट्टीच्या वर. उघडलेली छत्री दांड्याच्या अगदी तळाशी धरून गरगर फिरवून पाहा, म्हणजे या चातीचे दुखणे हाताला कळेल. भार वर, आधार खाली. त्यात बॉबिन लाकडाची. ती सगळ्या बाजूंनी सारख्या वजनाची कधीच नसते. वेग वाढवावा तर चाती थरथरते, गळपट्टी झिजते, झिजली की आणखी थरथरते. त्यावर उपाय म्हणून चाती जाड करावी तर ती जड होते आणि इंजिनावरचा भार वाढतो. या कोंडीत एक पिढी गेली.

कोंडी फोडली ती लोवेल येथील एका गिरणीच्या व्यवस्थापकाने. जेकब सॉयर त्याचे नाव, साल १८७१. त्याची युक्ती ऐकून माणूस म्हणेल, एवढेच? सॉयरने बॉबिनचे बूड आतून पोकळ केले आणि गळपट्टी उंच करून त्या पोकळीत नेऊन बसवली. छत्री आता तळाशी न धरता कापडाच्या जवळ धरली गेली. आधार भाराजवळ आला, चाती हलकी करता आली, आणि साडेपाच हजारांचे साडेसात हजार फेरे झाले. चालत्या यंत्रासमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला जे सुचते ते कचेरीत बसणाऱ्याला सहसा सुचत नाही, हा आमचा जुना समज या गोष्टीने दृढ झाला.

पण सॉयरच्या चातीलाही तेल वरून, हाताने, दोन ठिकाणी घालावे लागे. तेलवाला कुपी घेऊन सकाळ-संध्याकाळ साच्यामागून साचा फिरे. घातलेल्या तेलातले थोडे कामी येई. उरलेले फेऱ्यांच्या जोराने उडून सुतावर, जमिनीवर आणि माणसांच्या अंगावर जाई. फ्रान्सिस रॅबेथ याने उत्तर शोधले ते या दुखण्यावर. गळपट्टी आणि उखळी या दोन गोष्टी दोन पट्ट्यांवर वेगळ्या ठेवायच्याच कशाला? त्याने एकच लोखंडी नळी घेतली, तिच्या तळाशी उखळी, वर गळपट्टी, आणि नळीत तेल भरले. चाती या तेलाच्या विहिरीत उभी. फिरता फिरता ती आपले तेल आपणच वर चढवते आणि ते पुन्हा खाली उतरते. उडून जायला वाट नाही. माळ ज्या गरगोटीवरून जाते ती गरगोटी त्याने टोपीसारखी नळीवर उपडी बसवली. त्यामुळे माळेची ओढ नेमकी गळपट्टीच्या रेषेत आली. दिवसातून दोनदा तेल घालण्याचे काम आता आठवड्यांवर गेले.

रॅबेथचे दुसरे पाऊल आम्हांला अधिक मोलाचे वाटते. १८७८ च्या सुमारास त्याने नळीतली गळपट्टी सैल केली. तिच्याभोवती मऊ वेष्टन दिले आणि तिला किंचित हलायला जागा ठेवली. तोपर्यंतचे सारे कारागीर चातीला अधिकाधिक घट्ट धरण्याच्या मागे होते. याने तिला ढिले सोडले. बॉबिनचे वजन एका अंगाला जास्त असले तर चाती आपला फिरण्याचा मध्य आपणच शोधते आणि त्याभोवती शांतपणे फिरते. बळजबरीने सरळ धरलेली चाती नऊ हजारांवर आरडाओरड करी. मोकळी सोडलेली चाती नऊ-दहा हजारांवर गप्प राही. भोवरा हातात धरून कोणी फिरवत नाही, हे पोरांना ठाऊक होतेच.

विशेष हे की शास्त्र या वेळी कारागिराच्या मागे होते. फिरणारा दांडा एका विशिष्ट वेगाला पोचला की वेडावाकडा होऊ लागतो, यावर स्कॉटलंडच्या रँकिनने १८६९ साली लिहिले, पण त्या वेगाच्या पलीकडे स्थिरता नाही असा त्याचा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता. स्वीडनच्या द लावालने पुढे आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम लवचीक दांडा बसवून हे दाखवले, आणि जेफकॉटने त्याचे नीट गणित मांडले ते १९१९ साली. तेलाची गोष्टही तशीच. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसाचे घर्षण मोजत होता. तेल घालण्यासाठी त्याने वरच्या पितळेला भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. दाब मोजला तेव्हा तो चौरस इंचाला दोनशे पौंडांच्याही वर भरला. धातूवर धातू टेकतच नाही, मध्ये तेलाचा पडदा सारा भार उचलून धरतो, हे १८८३ साली असे ध्यानात आले. आणि कापसाची राजधानी जे मँचेस्टर, तिथल्याच ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८६ मध्ये त्याचे गणित दिले. तोपर्यंत रॅबेथच्या चात्या तेलाच्या पडद्यावर कितीतरी वर्षे फिरत होत्या.

तेल कोणते, हाही प्रश्न लहान नव्हता. हलक्या, वेगवान चातीला पातळ तेल लागते. त्या काळी त्यासाठी सर्वांत नावाजलेले तेल स्पर्म जातीच्या देवमाशाचे. म्हणजे लोवेलची चाती फिरावी म्हणून न्यू बेडफर्डची गलबते दोन-तीन वर्षांच्या सफरीवर निघत. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात विहीर खणून खनिज तेल निघाले आणि हळूहळू स्वस्त तेले बाजारात आली. पण त्यांतली काही लवकर वाफाळत आणि पेट घेत. त्यामुळे या तेलांची कसून परीक्षा प्रथम केली ती गिरणीवाल्यांनी नव्हे, आगीच्या विमा कंपनीने! बॉस्टनच्या गिरणीमालकांच्या परस्पर विमा कंपनीसाठी प्राध्यापक ऑर्डवे आणि वुडबरी यांनी १८८० च्या आसपास ही तेले तपासली. कोणते किती तापमानाला वाफ सोडते, कोणते किती घर्षण करते, हे मोजून मांडले. आगीच्या भयाने वंगणाचे शास्त्र पुढे सरकले.

इथे एका गावाबद्दल थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो. सॉयर आणि रॅबेथ यांच्या चात्यांचा व्यापार ज्यांनी हाती घेतला ते ड्रेपर घराणे मॅसॅच्युसेट्समधील होपडेल या गावचे. हे गाव १८४२ साली ॲडिन बॅलू नावाच्या धर्मोपदेशकाने वसवले ते समाईक मालकी आणि अप्रतिकार या तत्त्वांवर. एबेनेझर आणि जॉर्ज हे ड्रेपर बंधू त्याचेच सहकारी. १८५६ मध्ये त्यांनी आपले भांडवल काढून घेतले. बॅलूचे स्वप्न मोडले आणि गाव कारखान्याचे झाले. पुढे चातीची पेटंटे सॉयर स्पिंडल कंपनी या नावाखाली गोळा करून या मंडळींनी प्रतिस्पर्ध्यांवर खटल्यांमागून खटले चालवले. इकडे म्हातारा बॅलू टॉल्स्टॉयशी पत्रव्यवहार करत होता. टॉल्स्टॉयने आपल्या 'ईश्वराचे राज्य तुमच्या अंतरी आहे' या ग्रंथात बॅलूची दखल घेतली, आणि तो ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत एका तरुण हिंदी बॅरिस्टरच्या हाती पडला. होपडेलमधून निघालेल्या दोन वाटा, एक वेगवान चातीची आणि दुसरी अप्रतिकाराची, हिंदुस्थानात येऊन पोचल्या. दुसरी वाट चालणाऱ्याने हातात चरखा घेतला. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

पहिली वाट आली ती आमच्या नागपूरला. व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बेझनजी मेहता हे तिचे व्यवस्थापक आणि जेम्स ब्रुक्सबी यंत्रांचे जाणकार. १८८३ च्या सुमारास या मंडळींनी तिथे रिंगच्या चात्यांचे प्रयोग केले. लँकेशायरच्या नामांकित यंत्रकर्त्यांना तेव्हा या नव्या चातीचा उत्साह नव्हता. नागपूरला मात्र तिची किंमत कळली, आणि मुंबईच्या गिरण्यांतही पुढच्या वीस वर्षांत म्यूल मागे पडून रिंगचे साचे आले. मुंबईला जाडेभरडे सूत काढायचे होते, आणि जाड्या सुताला रिंग सोयीची. ज्या लँकेशायरने आपल्याला यंत्रे विकली ते स्वतः मात्र जुन्या यंत्राला चिकटून राहिले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यांचे चिकटून राहणे निव्वळ अडाणीपणाचे नव्हते. बारीक सुताला म्यूल चांगला. सूत एका गावी आणि कापड दुसऱ्या गावी, तेव्हा रिंगच्या जड लाकडी बॉबिन गाडीभाड्याने पाठवणे परवडत नसे. आणि म्यूलवर काम करणारे कसबी कारागीर तयार होते. पण या हिशेबात एक रकमेची नोंद कोणी केली नव्हती. म्यूलची चाती जुन्याच तऱ्हेची, उघड्या उखळीची. एका गाड्यावर हजाराच्या वर चात्या, त्यांना दिवसातून कितीदा तरी तेल, आणि ते तेल सारखे उडत राही. कारागीर तेलकट जमिनीवर अनवाणी चालत, आणि तुटलेला धागा जोडण्यासाठी गाड्यावर ओणवे होत. गाड्याची पट्टी नेमकी जांघेशी घासे. विजार तेलाने भिजलेली, आणि तीच दिवसेंदिवस अंगावर. देवमाशाच्या तेलाच्या जागी स्वस्त खनिज तेल आले होतेच.

१९२२ साली साउदम आणि विल्सन या मँचेस्टरच्या दोन शस्त्रवैद्यांनी आपल्या रुग्णालयाची वीस वर्षांची दप्तरे चाळली. अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचे १४१ रुग्ण निघाले. त्यांतले ६९ म्यूलवर काम करणारे. हा रोग धुराडी साफ करणाऱ्या पोरांना होतो हे पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्येच सांगून ठेवले होते. काजळीची जागा आता तेलाने घेतली होती. १९२६ मध्ये सरकारी समितीचा अहवाल आला. उंदरांवरच्या प्रयोगांतून हेही दिसले की तेल जितके अधिक शुद्ध तितके कमी घातक. असे असूनही म्यूलच्या चात्यांना शुद्ध पांढरेच तेल वापरावे आणि कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी, असा सक्तीचा नियम झाला तो १९५३ साली! एकतीस वर्षे. तोपर्यंत म्यूल स्वतःच मोडीत निघू लागला होता. रॅबेथच्या बंद विहिरीने तेल वाचवले, वेग वाढवला, हे सगळे पुस्तकांतून लिहिलेले असते. तिने माणसांचे अंग तेलापासून दूर ठेवले, हे आम्हांला तितकेच मोठे वाटते. रॅबेथच्या मनात ते नसेल, तरीही.

मात्र नव्या चातीचे सगळेच कौतुक करावे असेही नाही. चाती शांत झाली की धागे कमी तुटतात, आणि धागे कमी तुटले की मालकाच्या मनात येते, एका माणसाने साच्याची एकच बाजू का सांभाळावी? मुंबईच्या काही गिरण्यांनी साचेवाल्यांना एकाऐवजी दोन बाजू दिल्या. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद पडले त्याच्या कारणांत ही दुप्पट बाजूंची तक्रार होती. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडावेत, हा तो वाद. साचेवाल्याचे म्हणणे असे की धागा कमी तुटतो हे तुम्ही कागदावर म्हणता. कापूस हलका घातलात तर तो पूर्वीइतकाच तुटतो, आणि धावायचे मात्र मला दोन्हीकडे. हे म्हणणे यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही खोटे नव्हते. चाती कितीही चांगली असली तरी ती वाईट कापसाचे चांगले सूत करीत नाही.

नेमक्या त्याच काळात चरख्याकडेही चातीचा प्रश्न येऊन ठेपला. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. हाताने किंवा पायाने चालणारा, दीडशे रुपयांच्या आतला, वीस वर्षे टिकणारा, आणि आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत देणारा चरखा हवा होता. आमचे मघाचे गणित इथे लावून पाहा. मिनिटाला तेहतीस फूट झाले. एकाच चातीवर ते काढायचे तर सहा ते आठ हजार फेरे हवेत. म्हणजे सॉयर आणि रॅबेथ यांना वाफेच्या इंजिनावर जे साधले, ते झोपडीत, बाईच्या हाताने, चमरखांवर! एकीऐवजी अनेक चात्या घ्याव्यात तर आधार, तेल आणि घर्षण तितक्या पटींनी. किर्लोस्करवाडीला तयार झालेला यंत्रचरखा परीक्षेला गेला, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी अंबर चरखा काढला आणि १९५० नंतरच्या दशकात खादीच्या कामात तो देशभर पसरला. त्यात काय होते? खेचणारे रूळ, कडी, ट्रॅव्हलर आणि उभी चाती. थॉर्पचा साचा लहान होऊन घरात आला होता.

आजच्या चातीत गळपट्टीच्या जागी बारीक रुळांचे बेअरिंग असते, उखळी लवचीक नळीत बसवलेली असते, आणि तिच्याभोवतीचे तेल वंगणाचे काम करतेच, शिवाय कंप जिरवण्याचेही करते. मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास चालणारे साचे आता नवलाचे राहिलेले नाहीत. पण रॅबेथ आज एखाद्या गिरणीत आला तर आपली चाती त्याला ओळखू येईल. नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडून वर्षे लोटली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर साचाखाती एकामागून एक थंड झाली आणि त्या जागांवर काय उभे राहिले ते सर्वांना दिसतेच आहे. सूतकताई इतर गावांकडे सरकली.

अशाच एका गावच्या सहकारी सूतगिरणीत आम्ही मागे गेलो होतो. त्या दिवशी एक साचा तेल बदलण्यासाठी थांबवला होता. दोन माणसे ओळीने चात्या उपसून ठेवत होती. तिसरा हातपंपाने नळीतले काळे पडलेले तेल ओढून घेई आणि मापाने नवे, पाण्यासारखे पातळ तेल सोडी. त्याला आम्ही विचारले, पुन्हा केव्हा बदलाल? "वर्षभर तरी बघायला नको," तो म्हणाला; आणि हात पुसून पुढच्या चातीकडे वळला.